फाइल बंद केली, तरी ती बंद का होत नाही?

वेल्ह्याकडच्या एका दूध संकलन केंद्रासाठी काही वर्षांपूर्वी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. काम साधं होतं. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला येतात, काटा लिटर सांगतो, मशीन फॅट आणि एसएनएफ सांगतं. प्रोग्रॅम ते आकडे सभासदाच्या क्रमांकासमोर एका फाइलमध्ये लिहितो आणि पावती छापतो. दर दहा दिवसांनी त्या फाइलींवरून बिल निघतं. पुण्यात माझ्या टेबलावर तो प्रोग्रॅम महिनाभर बिनबोभाट चालला. केंद्रावरही मार्चपासून जूनपर्यंत एक तक्रार आली नाही.

जुलैतल्या एका बिलाला एक मावशी पावत्यांचा गठ्ठा घेऊन केंद्रावर आल्या. "दादा, मंगळवारच्या संध्याकाळचं माझं दूध कुठं गेलं?" पावती त्यांच्या हातात होती, पण बिलात ते दूध नव्हतं. केंद्रचालकाला वाटलं, एखादी नोंद राहिली असेल. मग इतरांच्या पावत्या मागवल्या, तेव्हा कळलं की त्या संध्याकाळचं कुणाचंच दूध बिलात आलेलं नाही. ज्यांनी पावत्या जपून ठेवल्या नव्हत्या, त्यांना तर पत्ताही नव्हता.

चूक माझी होती, आणि ती सापडायला मला दोन दिवस लागले. कारण जिथे चूक होती तिथे कोडची एकही ओळ चुकीची दिसत नव्हती. एक प्रोग्रॅम दुसरा प्रोग्रॅम सुरू करतो तेव्हा पहिल्याने उघडलेल्या फाइली नकळत दुसऱ्याच्या हातात जातात. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला हँडलचा वारसा म्हणतात. आजचा लेख त्याबद्दल आहे.

त्या संध्याकाळी काय झालं

दूध घ्यायला सुरुवात झाली की माझा प्रोग्रॅम 'चालू' नावाची फाइल उघडायचा. वेळ संपली की ती बंद करून तिला तारीख आणि 'सकाळ' किंवा 'संध्याकाळ' असं नाव द्यायचा. पुढच्या वेळी पुन्हा नवी 'चालू' फाइल. मधे दर वीस-पंचवीस नोंदींनंतर तो दुसरा एक लहानसा प्रोग्रॅम सुरू करायचा. तेवढ्या नोंदी इंटरनेटवरून पाठवायच्या आणि संपायचं, एवढंच त्याचं काम. नेटवर्क नसेल तर थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा.

पुण्यात हा पाठवणारा प्रोग्रॅम दोन-तीन सेकंदांत संपायचा. उन्हाळ्यात केंद्रावरही थोडाफार तसाच. त्या मंगळवारी मात्र पाऊस असा लागला होता की समोरचा डोंगर दिसत नव्हता आणि मोबाइलला रेंज नव्हती. पाठवणारा प्रोग्रॅम वाट बघत बसून राहिला. वेळ संपली, मुख्य प्रोग्रॅमने फाइल बंद केली, नाव बदलायला गेला, आणि विंडोजने नकार दिला: ही फाइल दुसरा प्रोग्रॅम वापरतो आहे. तो नकार एका लॉगमध्ये लिहिला गेला. लॉग कुणी वाचत नव्हतं, मीही नाही.

सकाळी मुख्य प्रोग्रॅमने 'चालू' फाइल उघडली ती कालचीच. सकाळच्या नोंदी संध्याकाळच्या नोंदींखाली जोडल्या गेल्या. तोपर्यंत रेंज आली होती, त्यामुळे या वेळी नाव बदलणं जमलं आणि सगळी फाइल 'सकाळ' झाली. आता बिल काढणाऱ्या भागात मी एक नियम घातला होता: एका फाइलमध्ये एका सभासदाच्या दोन नोंदी दिसल्या तर शेवटची धरायची, कारण कुणी चुकून दोनदा बटण दाबतं. नियम चांगल्या हेतूने घातलेला. त्यानेच संध्याकाळचं दूध पुसून टाकलं.

गंमत अशी की पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला 'चालू' फाइलशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला नोंदी पाइपमधून मिळायच्या. ती फाइल उघडणारी ओळ त्याच्या कोडमध्ये कुठेच नव्हती. तरीही फाइल धरून बसला होता तोच.

हँडल म्हणजे बिल्ला

पूर्वी बँकेत पैसे काढायला गेलं की काउंटरवर पितळी बिल्ला मिळायचा. बिल्ल्यावर फक्त आकडा. तो दाखवला की आतला कारकून ओळखायचा की तुमचं काम कोणतं. प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा नेमकं हेच होतं. ऑपरेटिंग सिस्टिम फाइल स्वतःकडे ठेवते आणि प्रोग्रॅमला एक आकडा देते. पुढे वाचायचं, लिहायचं किंवा बंद करायचं असेल तर तो आकडा दाखवायचा. विंडोजमध्ये या आकड्याला हँडल म्हणतात. युनिक्स आणि लिनक्समध्ये फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. तिथे ०, १ आणि २ हे तीन आकडे रिवाजाने ठरलेले असतात: आत येणारी माहिती, बाहेर जाणारी माहिती आणि चुकांचे संदेश. प्रोग्रॅमने स्वतः उघडलेल्या फाइली साधारण ३ पासून पुढे.

हे बिल्ले फक्त फाइलींसाठी नसतात. नेटवर्कचं कनेक्शन, दोन प्रोग्रॅममधला पाइप, या सगळ्यांना असेच आकडे मिळतात. म्हणून पुढे जे सांगतो आहे ते फाइलींइतकंच त्यांनाही लागू आहे.

एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. 'बंद कर' असं सांगितल्यावर प्रोग्रॅम फक्त आपला बिल्ला परत करतो. ऑपरेटिंग सिस्टिम बघते, याच उघडलेल्या फाइलचा आणखी बिल्ला कुणाकडे आहे का? असेल, तर तिच्या दृष्टीने फाइल उघडीच आहे. शेवटचा बिल्ला परत आल्यावरच ती खऱ्या अर्थाने बंद होते.

वारस कसे लागतात

भोर-वेल्ह्यात ज्यांची जमीन आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही. सातबाऱ्यावर चार भावंडांची नावं असली आणि एकाने हक्कसोडपत्र करून दिलं, तर त्याचं एकट्याचं नाव कमी होतं. बाकीची तीन राहतात. एक मुंबईत, एक हडपसरला, एकाचा पत्ताच नाही. गावात राहणारा म्हणतो, मी तर सही केली. पण अख्खी जमीन विकायची तर सगळ्यांची सही लागते.

ही तुलना आणखी थोडी ताणता येते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलांचा हक्क जन्मापासून असतो (२००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही). वडील जिवंत असतानाच. स्वकष्टार्जित मिळकतीचं तसं नाही. ती कुणाला द्यायची हे कमावणारा ठरवतो. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हँडलचे असेच दोन प्रकार आहेत. काही हँडल वारशाने जाणारी, म्हणजे नवी प्रोसेस जन्मली की तिच्या नावावरही लागणारी. काही न जाणारी. चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. जी दुसरीला जन्म देते ती पेरेंट, जन्मलेली ती चाइल्ड. चाइल्ड प्रोसेसला मिळालेला बिल्ला हा स्वतंत्र बिल्ला असतो. पेरेंटने आपला परत केला, तरी तो चाइल्डकडे राहतोच.

जमिनीच्या वारसाला निदान माहीत तरी असतं की आपलं नाव लागलं आहे. चाइल्ड प्रोसेसला तेही माहीत नसतं. हातात हँडल आहे, पण कोणत्या आकड्याचं, कशाचं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. जे माहीत नाही ते ती परत कसं करणार? ती संपेपर्यंत ते हँडल तसंच धरून राहते. आणि ती प्रोसेस रेंजची वाट बघत रात्रभर बसली, तर फाइलही रात्रभर उघडी.

असा उलटा नियम कुणी केला

पहिल्यांदा हे वाचणारा विचारतो की मुळात वारसा द्यायचाच कशाला. त्याला सबळ कारण आहे.

युनिक्समध्ये नवी प्रोसेस दोन पायऱ्यांत सुरू होते. पहिली पायरी फोर्क: चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत तयार होते, तिच्या बिल्ल्यांच्या यादीसकट. दुसरी पायरी एक्झेक: त्या प्रतीच्या आत नवा प्रोग्रॅम आणून बसवला जातो. प्रोग्रॅम बदलतो, पण बिल्ल्यांची यादी तशीच राहते. या दोन पायऱ्यांच्या मधे शेलला फेरफार करायला जागा मिळते. तुम्ही एखाद्या आज्ञेचं आउटपुट फाइलमध्ये वळवता तेव्हा शेल फोर्क करतो, १ क्रमांकाच्या जागी ती फाइल लावतो आणि मग नवा प्रोग्रॅम आणतो. नव्या प्रोग्रॅमला वाटतं, मी नेहमीसारखं पडद्यावर लिहितो आहे. प्रत्यक्षात ते फाइलमध्ये जात असतं. १९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइप आले तेही याच जोरावर. एका प्रोग्रॅमचं आउटपुट सरळ दुसऱ्याच्या इनपुटला जोडायचं, आणि दोघांनाही त्याची जाणीव नको. वारसा नसता तर हे इतकं सोपं झालं नसतं.

म्हणजे ०, १ आणि २ या तीन बिल्ल्यांचा वारसा हवाच आहे. त्रास होतो तो ३ पासून पुढच्यांचा. पण मूळ नियमात असा फरक केलेला नव्हता. जे उघडं आहे ते सगळं पुढे जातं. त्या काळी एक प्रोग्रॅम एका वेळी एकच काम करायचा आणि थोड्याच फाइली उघडायचा, त्यामुळे कुणाचं फार बिघडलं नाही. जे नको असेल त्यावर एक खूण करायची सोय नंतर झाली. तिचं नाव क्लोज-ऑन-एक्झेक, म्हणजे नवा प्रोग्रॅम आत आला की हा बिल्ला आपोआप परत. पण ती खूण आठवणीने करावी लागायची. न केल्यास वारसा जाणार.

विंडोजने वरवर पाहता शहाणा मार्ग घेतला. तिथे हँडल मुळात वारशाने जात नाही. दोन अटी पुऱ्या झाल्या तरच जातं: हँडलवर 'वारशाने जाऊ शकतं' अशी खूण हवी, आणि नवी प्रोसेस सुरू करताना 'हँडलचा वारसा द्यायचा का' या प्रश्नाला 'हो' म्हणायला हवं. ऐकायला चांगलं आहे. अडचण त्या 'हो'मध्ये आहे. तो एकाच हँडलपुरता नसतो. 'हो' म्हटलं की खूण असलेली सगळी हँडल जातात, आणि 'नाही' म्हटलं तर एकही नाही. चाइल्ड प्रोसेसला पाइपने काही द्यायचं असेल तर 'हो' म्हणावंच लागतं.

माझ्या बाबतीत हेच झालं. नोंदी पाइपने द्यायच्या म्हणून मी 'हो' म्हटलं होतं. आणि 'चालू' फाइल मी सी भाषेच्या नेहमीच्या एफओपन या फंक्शनने उघडली होती. विंडोजवर हे फंक्शन फाइल उघडताना वारशाची खूण स्वतःहून करून टाकतं, युनिक्ससारखं वागता यावं म्हणून. विंडोजचा मूळ नियम 'नाही' असताना, त्याच्यावर बसलेलं सीचं ग्रंथालय गुपचूप 'हो' करतं. दोन दिवस मी ज्या ओळीकडे पाहत होतो ती याच फंक्शनची होती, आणि तिच्यात काही चुकलंय असं मनातही आलं नाही.

दोन ओळींमधली फट

आता तुम्ही म्हणाल, मग लक्षात ठेवून प्रत्येक फाइलवर 'वारसा नको' अशी खूण करावी. पूर्वी असंच करायचे. फाइल उघडायची, आणि पुढच्या ओळीत खूण. एकाच थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या, प्रोग्रॅमला हे पुरेसं आहे.

पण आजचे प्रोग्रॅम एकाच वेळी अनेक थ्रेड चालवतात. एक थ्रेड फाइल उघडतो. खूण करायच्या आधीच, त्या दोन ओळींमधल्या निमिषात, दुसरा थ्रेड फोर्क करून मोकळा होतो. खूण नसलेला बिल्ला गेला चाइल्डकडे. ही फट इतकी बारीक असते की चाचणीत हजारदा चालवलं तरी सापडत नाही. सर्व्हरवर दिवसाला लाखो वेळा तेच काम चालू लागलं की मात्र कधीतरी गाठतेच. असा बग महिन्यातून एकदा येतो, पुन्हा करून दाखवता येत नाही, आणि तो शोधायला बसलेल्या माणसाची झोप उडवतो.

यावर उपाय म्हणजे उघडणं आणि खूण करणं या दोन गोष्टी एकाच आज्ञेत, मधे फट न ठेवता. लिनक्समध्ये ही सोय २००७ मध्ये, २.६.२३ या आवृत्तीत आली. ओ-क्लोएक्झेक असं त्या पर्यायाचं नाव. पुढच्या वर्षी पॉझिक्स या मानकातही तो आला, आणि लिनक्समध्ये पाइप व नेटवर्क कनेक्शनसाठीही तशाच आज्ञा झाल्या. विंडोजमध्ये व्हिस्टापासून वेगळी सोय मिळाली: नवी प्रोसेस सुरू करताना कोणती हँडल द्यायची याची यादीच देता येते. यादीत नाव नाही, तर हँडल जाणार नाही. वर जमिनीची तुलना केली ती पुढे नेली, तर हे मृत्युपत्रासारखं झालं.

या यादीलाही एक छोटी पळवाट आहे, जी अनेकांच्या ध्यानात येत नाही. यादीत घालायचं हँडल आधी वारशाच्या खुणेचं असावंच लागतं. त्यामुळे त्याच वेळी प्रोग्रॅमचा दुसरा कुठला भाग जुन्या पद्धतीने, यादी न देता, 'हो' म्हणून प्रोसेस सुरू करत असेल, तर ते हँडल तिकडेही जाणार. यादीची पद्धत वापरायची तर प्रोग्रॅममध्ये सगळीकडे वापरावी लागते. बाहेरून आणलेलं एखादं ग्रंथालय जुन्याच पद्धतीने वागत असेल, तर तुमच्या काळजीवर पाणी.

पायथॉनने नियम फिरवला

प्रोग्रॅमिंगच्या भाषांनी यात काय केलं हे पाहण्यासारखं आहे, कारण आपल्यापैकी बहुतेक जण ऑपरेटिंग सिस्टिमशी थेट बोलत नाहीत, भाषेमार्फत बोलतात.

पायथॉनमध्ये बरीच वर्षं फाइली वारशाने जात होत्या. व्हिक्टर स्टिनर या विकासकाने पीईपी ४४६ हा प्रस्ताव मांडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये आलेल्या पायथॉन ३.४ पासून नियम उलटा झाला: पायथॉनने उघडलेली कोणतीही फाइल किंवा कनेक्शन आता मुळात वारशाने जात नाही, द्यायचं असेल तर तसं सांगावं लागतं. असा बदल करणं सोपं नसतं. जुन्या वारशावर विसंबून असलेले प्रोग्रॅम यात मोडतात. तरीही तो केला, कारण नकळत होणारं नुकसान त्याहून मोठं होतं. विंडोजवरची हँडलची यादी पायथॉनच्या सबप्रोसेस मॉड्यूलमध्ये ३.७ पासून आली. रूबीने २०१३ च्या २.० आवृत्तीत असाच बदल केला होता. गो भाषेत फाइल उघडताना क्लोज-ऑन-एक्झेकची खूण आपोआप होते.

म्हणून आज नव्या पायथॉनमध्ये किंवा गोमध्ये लिहिणाऱ्याला हा प्रश्न क्वचित भेटतो. सी, सी++ मध्ये लिहिणाऱ्याला आणि जुना कोड सांभाळणाऱ्याला तो रोज भेटू शकतो. आपल्याकडच्या दुकानांत, पतसंस्थांत आणि डेऱ्यांत चालणारं बरंचसं सॉफ्टवेअर या दुसऱ्या गटात मोडतं, असा माझा अनुभव आहे.

तोच रोग, वेगळी लक्षणं

हँडल गळून चाइल्डकडे गेलं की दिसणारं लक्षण प्रत्येक वेळी वेगळं असतं, आणि रोग ओळखायला उशीर लागतो तो यामुळेच.

विंडोजवर फाइलचं नाव बदलत नाही किंवा ती पुसली जात नाही. लिनक्सवर मात्र नाव खुशाल बदलतं आणि फाइल खुशाल पुसली जाते. तिथे त्रास वेगळा. पुसलेल्या फाइलचा बिल्ला कुणाकडे असेल तोवर तिने व्यापलेली जागा मोकळी होत नाही. मोठा लॉग पुसला, फोल्डरमध्ये तो दिसत नाही, तरी डिस्क भरलेलीच. फोल्डरांची बेरीज एक सांगते आणि डिस्कचा हिशेब दुसरंच.

पाइपचं लक्षण सगळ्यात फसवं. पाइपमधून वाचणाऱ्याला 'माहिती संपली' हा इशारा कधी मिळतो? लिहिणाऱ्या टोकाचे सगळे बिल्ले परत आल्यावर. ज्याने लिहायचं त्याने लिहून संपवलं, तो प्रोग्रॅम संपलासुद्धा. पण त्याच सुमारास जन्मलेल्या भलत्याच एका चाइल्डकडे त्या टोकाचा बिल्ला वारशाने गेला आहे. मग वाचणारा प्रोग्रॅम ताटकळत बसतो. पडद्यावर चूक नाही, संदेश नाही, नुसतं अडकलेलं. लोक कॉम्प्युटर बंद करून चालू करतात, आणि ते 'बरं' होतं.

तिसरं लक्षण सर्व्हर चालवणाऱ्यांच्या ओळखीचं. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, तर तो म्हणतो पोर्ट आधीच वापरात आहे. वापरतं कोण? त्याच सर्व्हरने मघाशी सुरू केलेली एखादी लहानशी प्रोसेस, जी अजून चालू आहे आणि जिच्याकडे ऐकणाऱ्या पोर्टचं हँडल वारशाने आलं आहे.

हे सगळे झाले गैरसोयीचे प्रकार. वारशाने गेलेलं हँडल धोकादायकही ठरतं. फाइल उघडताना परवानगी तपासली जाते, आणि एकदा बिल्ला मिळाला की तो बाळगणाऱ्याला पुन्हा तीच तपासणी होत नाही. जास्त अधिकाराच्या प्रोग्रॅमने गुप्त फाइल उघडली आणि मग कमी अधिकाराचा प्रोग्रॅम सुरू केला, तर त्या दुसऱ्याला जे स्वतः कधीच उघडता आलं नसतं ते वाचता येतं. २०२४ च्या जानेवारीत याचं मोठं उदाहरण जगाने पाहिलं. डॉकर आणि कुबरनेटीज ज्यावर चालतात त्या रनसी या साधनात सीव्हीई-२०२४-२१६२६ हा दोष सापडला. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमला कोंडून ठेवलेली खोली. तिला बाहेरच्या मशीनच्या फाइली दिसता कामा नयेत. पण बाहेरच्या मशीनच्या एका फोल्डरचा डिस्क्रिप्टर आत गळत होता, आणि तो धरून खोलीतल्या प्रोग्रॅमला बाहेर पडता येत होतं. ३१ जानेवारीला १.१.१२ ही दुरुस्त आवृत्ती आली आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांची धावपळ झाली. गो भाषेत, म्हणजे वारसा मुळात न देणाऱ्या भाषेत लिहिलेल्या साधनातही हे घडलं, याची नोंद घ्यायला हवी.

धरून कोण बसलंय हे कसं शोधायचं

विंडोजवर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे रिसोर्स मॉनिटर. त्यातल्या सीपीयूच्या पानावर हँडल शोधायची चौकट असते. तिथे फाइलचं नाव टाका, धरून बसलेल्या प्रोसेसचं नाव खाली येतं. मला त्या पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव इथेच दिसलं. आधी विश्वास बसला नाही. आणखी खोलात जायचं तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातला प्रोसेस एक्सप्लोरर मोफत मिळतो. लिनक्सवर एलएसओएफ ही आज्ञा उघड्या फाइलींची यादी देते, पुसलेल्या पण अजून धरलेल्या फाइलींसकट. शिवाय 'प्रॉक' फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरात 'एफडी' नावाचं एक फोल्डर असतं, त्यात तिचे सगळे बिल्ले दिसतात.

एक सवय लावून घेण्यासारखी आहे. नवी चाइल्ड प्रोसेस सुरू करणारा कोड लिहिला की ती चालू असताना तिचे बिल्ले मोजायचे. ०, १, २ आणि तुम्ही मुद्दाम दिलेले, एवढेच असायला हवेत. आगंतुक आकडा दिसला की तो कुठून आला ते तिथल्या तिथे शोधायचं. चाइल्ड सुरू करायच्या आधी ३ पासून पुढचे सगळे बिल्ले एकदम परत करण्यासाठी लिनक्समध्ये २०२० च्या ५.९ आवृत्तीपासून क्लोज-रेंज नावाची आज्ञाही आहे. ती शेवटचा बंधारा म्हणून ठीक. पण कोणता वारसा द्यायचा हे फाइल उघडतानाच ठरवलेलं बरं, कारण त्या फाइलची मालकी कुणाची हे त्याच ओळीला माहीत असतं.

दूध केंद्रावरच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती एका अक्षराची निघाली. विंडोजवर एफओपनला फाइल उघडण्याची पद्धत सांगताना त्यात 'एन' हे अक्षर जोडलं की वारशाची खूण होत नाही. शिवाय चाइल्ड सुरू करताना हँडलची यादी दिली, म्हणजे फक्त पाइप जाईल. नाव बदलणं फसलं तर आता पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत संदेश येतो आणि पुढची वेळ सुरूच होत नाही. आणि दोन नोंदींतली शेवटची धरायचा तो नियम काढून टाकला. आता प्रोग्रॅम दोन्ही नोंदी समोर ठेवतो आणि केंद्रचालकाला विचारतो.

मंगळवारचं दूध पावत्यांवरून आणि छापखान्यातून छापून घेतलेल्या जुन्या नोंदवहीवरून पुन्हा भरलं. कॉम्प्युटर आल्यावरही केंद्रचालकाने ती वही बंद केली नव्हती. मी तेव्हा त्याला हसलो होतो. फरकाची रक्कम पुढच्या बिलात सगळ्यांना मिळाली, पावत्या नसलेल्यांनाही. मावशींनी त्या बिलाच्या दिवशी आपला गठ्ठा सोडला, आकडे एकेक करून ताडून पाहिले, आणि पुन्हा दोऱ्याने बांधून पिशवीत ठेवला. नवी आवृत्ती तपासताना मी पुण्यात नेटवर्कची वायर काढून ठेवून दोन दिवस प्रोग्रॅम चालवला.